एका वर्षाच्या वाऱ्यावर वीस वर्षांचा हिशेब मांडण्यापूर्वी
पवनऊर्जा प्रकल्पधारकांसाठी माहितीपत्रक

साताऱ्यातल्या वनकुसवड्याच्या पठारावर किंवा धुळ्यातल्या साक्रीच्या माळावर मास्ट (वारा मोजण्याचा उंच खांब) उभारून वर्षभर वारा मोजला, की दर दहा मिनिटांची ५२,५६० निरीक्षणे हाती येतात. आकडा भरघोस दिसतो, पण त्यात पावसाळा एकच असतो. आपल्याकडे पवनचक्कीची मोठी कमाई जून ते सप्टेंबरमध्ये होते. मोजणीचा तो एक पावसाळा नेहमीसारखा होता, जोराचा होता की मंद, हे मास्टला कळत नाही. त्यासाठी अरबी समुद्रावरच्या वाऱ्याची चाळीसएक वर्षांची नोंद तपासावी लागते. आमचे काम तेच आहे.

वारा येतो कुठून

सोमालियाच्या किनाऱ्याकडून अरबी समुद्र ओलांडत पावसाळ्यात एक वेगवान झोत येतो. त्याचा गाभा समुद्रसपाटीपासून साधारण दीड किलोमीटरवर, म्हणजे ८५० हेक्टोपास्कल दाबाच्या आसपास असतो. भारतीय द्वीपकल्पावर हा झोत जोसेफ आणि रामन यांनी १९६६ मध्ये दाखवला. आफ्रिकेच्या किनाऱ्यालगतचा त्याचा मार्ग फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये मांडला. सह्याद्रीची हजार-अकराशे मीटर उंचीची पठारे या झोताच्या बरीच जवळ जातात, म्हणून तिथे वारा मिळतो.

पाऊस जोरात असताना झोत द्वीपकल्पावरून जातो. पावसात खंड पडला, की तो दक्षिणेकडे वळतो आणि भारताला वळसा घालून पुढे जातो. ही ये-जा कधी १० ते २० दिवसांची, कधी ३० ते ६० दिवसांची असते. त्यामुळे साताऱ्यातल्या सगळ्या चक्क्या बहुधा एकदमच मंदावतात. शेजारच्या तालुक्यात दुसरा प्रकल्प घेतल्याने जोखीम विभागली जाईल, असे समजू नका. कन्याकुमारीकडचा प्रकल्प मात्र त्याच आठवड्यात मंदावेलच असे नाही.

सरासरी वेग का पुरत नाही

वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. समजा, अर्धा वेळ वारा सेकंदाला ४ मीटर आणि अर्धा वेळ ८ मीटर वाहिला. सरासरी ६ आणि तिचा घन २१६. पण दोन्ही वेगांच्या घनांची सरासरी काढली तर २८८ येते, म्हणजे तब्बल एक तृतीयांश जास्त. म्हणून आम्ही सरासरीबरोबर वेगाचे पूर्ण वितरण मांडतो (कोणता वेग किती वेळ असतो हे दाखवणाऱ्या वायबुल वक्राचे दोन्ही गुणांक) आणि ते तुमच्या चक्कीच्या पॉवर कर्व्हमधून (कोणत्या वेगाला किती वीज, हे दाखवणारा आलेख) काढतो. हवेची घनताही स्थळाचीच घ्यावी लागते. पॉवर कर्व्ह बहुधा घनमीटरला १.२२५ किलो धरून छापलेला असतो, तर ११०० मीटरच्या पठारावर ती १.०५ च्या आसपास असते.

दीर्घकाळाशी जोडणी

संदर्भासाठी आम्ही युरोपीय हवामान केंद्राचा ईआरए-५ आणि पडताळणीसाठी नासाचा मेरा-२ हे जुन्या हवामानाच्या पुनर्रचनेचे (निरीक्षणे आणि संगणकी प्रारूप जुळवून केलेले) संच वापरतो. ईआरए-५ १९४० पासून उपलब्ध आहे, पण उपग्रहांची निरीक्षणे भरवशाने येऊ लागली त्यानंतरचा, म्हणजे १९८० पासूनचा भागच आम्ही घेतो. निरीक्षणाची साधने बदलली की आकड्यांत खोटी पायरी पडते, आणि ती वाऱ्यातला बदल समजली जाते.

ईआरए-५ ची चौकट (जिच्यासाठी तो एकच आकडा देतो) सुमारे ३१ किलोमीटरची आहे. तिच्यात पठाराची धार बोथट होते आणि वेग कमी दिसतो. त्यामुळे त्यातला वेग जसाच्या तसा वापरणे चूक आहे. त्यातून घ्यायचे ते फक्त चढउतार. मास्टचा काळ आणि संदर्भाचा तोच काळ शेजारी ठेवून त्यांच्यातले नाते काढायचे आणि मग ते मागच्या वर्षांना लावायचे. अनेक ठिकाणी हे नाते बारा दिशांसाठी वेगवेगळे काढतात. आमच्या मते इथे ते सोयीचे नाही. पावसाळ्यात वारा पश्चिम-नैर्ऋत्य सोडत नाही, बाकीचे कप्पे जवळजवळ रिकामे राहतात. ऋतूनुसार विभागणी जास्त टिकते.

हे आकडे कुठे फसतात

वेळ हे पहिले कारण. ईआरए-५ ची वेळ ग्रीनिचची, लॉगरची (मास्टवरच्या नोंदी साठवणाऱ्या यंत्राची) भारतीय. फरक पाच तासांचा नाही, साडेपाच तासांचा आहे. अर्धा तास विसरला तरी सहसंबंध (दोन नोंदी किती एकसारख्या चालतात याचे माप) घसरतो आणि दोष उगाच संदर्भसंचाला लागतो.

दुसरे कारण दिशेची सरासरी. ३५० अंश आणि १० अंश यांची साधी सरासरी १८० येते, म्हणजे उत्तरेचा वारा कागदावर दक्षिणेचा होतो. वाऱ्याचे पूर्व-पश्चिम आणि उत्तर-दक्षिण घटक वेगळे करूनच सरासरी काढावी.

तिसरी चूक सगळ्यांत महागात पडते. तासागणिक नोंदी एकमेकींपासून स्वतंत्र नसतात, आताचा वारा तासाभरापूर्वीच्या वाऱ्यासारखाच असतो. लागोपाठच्या तासांचा सहसंबंध ०.९५ असेल, तर वर्षाच्या ८,७६० नोंदींची किंमत सुमारे २२५ स्वतंत्र नोंदींएवढीच उरते. हे न पाहता काढलेली अनिश्चितता कितीतरी पट लहान दिसते आणि कर्जाचे गणित त्या खोट्या भरवशावर उभे राहते.

वर्षावर्षातला फरक ६ टक्के धरला, तर एका वर्षाच्या सरासरीत तेवढीच अनिश्चितता राहते. वीस वर्षांच्या सरासरीत ती १.३ टक्क्यांवर येते. त्यात मोजणी, उंचीनुसार वेगवाढ, पॉवर कर्व्ह आणि चक्क्यांच्या एकमेकींवरच्या सावलीची (पुढची चक्की मागचीचा वारा अडवते त्याची) अनिश्चितता मिळवली जाते. सगळी मिळून उत्पादनावर १२ टक्के झाली आणि मध्यम अंदाज, म्हणजे पी-५०, १०० युनिट असेल, तर बँक पाहते तो पी-९०, म्हणजे नव्वद टक्के शक्यतेने ओलांडला जाणारा आकडा, सुमारे ८४.६ येतो.

आमच्याकडे काय द्यावे

लॉगरच्या मूळ फायली द्या, एक्सेलमध्ये साफ केलेल्या नकोत. सेन्सरची कॅलिब्रेशन प्रमाणपत्रे, प्रत्येक सेन्सरची उंची, आडव्या दांडीची लांबी आणि दिशा, आणि मास्टचे चारही बाजूंनी काढलेले फोटो द्या. एकाच उंचीवर दोन अॅनिमोमीटर (वाऱ्याचा वेग मोजणारे सेन्सर) असतील तर दोन्हींच्या नोंदी हव्यात. मास्टच्या आडोशात गेलेला सेन्सर ओळखायचा तर दोघांच्या वेगांचे गुणोत्तर दिशेनुसार मांडावे लागते, त्यातला खड्डा लगेच दिसतो. सेन्सर बदलला असेल तर तारीख लिहा. मोजणी किमान सलग बारा महिन्यांची असावी. जून ते सप्टेंबरमधल्या नोंदी गळाल्या असतील तर आम्ही आणखी एक पावसाळा मोजायला सांगतो, कारण त्या चार महिन्यांची पोकळी उरलेल्या आठ महिन्यांवरून भरता येत नाही.