प्रोबचं ‘हो’ आणि प्रोबचं ‘नाही’

जानेवारीतली कडाक्याची रात्र, 3 वाजून 10 मिनिटं. इंदूरच्या लोकमान्य नगरातून चौदा वर्षांच्या मुलाला घेऊन आई-बाबा आमच्या कॅज्युअल्टीत आले. “पोटात दुखतंय, दोनदा उलटी झाली. रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत तळलेले गराडूचे कंद खाल्ले, तेच बाधले असणार,” आई म्हणाल्या. घरी ओवा देऊन झाला होता, अ‍ॅसिडिटीची गोळीही देऊन झाली होती. मुलगा गुडघे पोटाशी घेऊन भिंतीकडे तोंड करून पडला होता. पोट चाचपलं तर अगदी मऊ. आई-बाबांना पडद्याबाहेर थांबायला सांगितलं आणि हळूच विचारलं, “खाली दुखतंय का रे?” त्यानं होकारार्थी मान हलवली. साडेअकरापासून दुखत होतं.

पण पोटात दुखतंय, हेही खोटं नव्हतं. गर्भात वृषण तयार होतात ते पोटात, मूत्रपिंडांच्या शेजारी. तिथून ते खाली उतरतात आणि आपल्या रक्तवाहिन्या, नसा सोबत ओढत नेतात. म्हणून वृषणाला रक्त पुरवणारी धमनी आजही पोटातल्या महाधमनीतून, मूत्रपिंडांच्या जरा खालून निघते. दुखणं खाली असलं तरी कळ पोटात उठते आणि मळमळतं. त्यात वय असं, की आईला काय सांगायचं आणि कोणत्या तोंडानं! पोटदुखी म्हणून आलेल्या प्रत्येक मुलाची चड्डी उतरवून तपासलंच पाहिजे, हे मी नव्या डॉक्टरांना पहिल्या दिवशीच सांगते.

वृषण ज्या दोरीला लटकतं तिच्यातूनच रक्त येतं आणि जातं. त्या दोरीला पीळ पडला की आधी शिरा दबतात, कारण त्यांच्या भिंती पातळ आणि आतला दाब कमी. रक्त आत येत राहतं, बाहेर जात नाही. वृषण सुजतं, आणि मग धमनीही बंद पडते. दुखायला लागल्यापासून 6 तासांच्या आत पीळ सुटला तर 10 पैकी 9 वृषणं वाचतात. 12 तासांनी जेमतेम निम्मी, 24 तासांनंतर 10 पैकी एखादं. हे घड्याळ आमच्या दारात सुरू होत नाही. या मुलाचं साडेअकरालाच सुरू झालं होतं, आणि त्यातले पावणेचार तास ओवा आणि गोळी यांत गेले होते.

खाटेशेजारी चाकांच्या गाडीवर सोनोग्राफीचं मशीन असतं. गरम पाण्याच्या भांड्यात जेलची बाटली दोन मिनिटं बुडवली, कारण थंड जेलनं मूल दचकतं आणि सगळंच आखडून जातं. जांघेखाली दुमडलेला टॉवेल दिला. प्रोब, म्हणजे अंगावर टेकवायचा मशीनचा तुकडा, आधी ठेवला तो न दुखणाऱ्या बाजूला. मशीनवरचा रक्ताच्या वेगाचा आकडा इतका खाली आणायचा, की निरोगी वृषणातलं रक्त पडद्यावर रंगीत ठिपक्यांनी लुकलुकायला लागलं पाहिजे. तिथलं रक्त फार संथ वाहतं. हृदय बघताना लावलेल्या आकड्यावर ते दिसतच नाही. निरोगी बाजूलाच रंग आला नाही, तर दुखऱ्या बाजूच्या काळोखाला काही अर्थ उरत नाही.

हे रंग म्हणजे काय, ते बरेच जण विचारतात. प्रोबमधून सेकंदाला साधारण 1 कोटी कंपनांचा आवाज आत जातो. आपल्या कानाची धाव 20 हजारांपर्यंतच. वाहत्या रक्तपेशींवर आदळून तो परत येतो तेव्हा त्याची कंपनं किंचित बदललेली असतात. रक्त प्रोबकडे येत असेल तर वाढलेली, लांब जात असेल तर घटलेली. क्रिश्चियन डॉपलरनं 1842 साली प्राग शहरात ही कल्पना मांडली ती जोडताऱ्यांच्या रंगांसाठी. मशीन येणाऱ्या रक्ताला सहसा लाल रंगवतं, जाणाऱ्याला निळा. लाल म्हणजे धमनी आणि निळी म्हणजे शीर, असा त्याचा अर्थ नाही.

डाव्या बाजूला रंगाचा एक ठिपकाही नव्हता. प्रोब जांघेकडे सरकवला तर दोरी एका जागी गोगलगायीच्या शंखासारखी गुंडाळलेली दिसली. याला आम्ही भोवरा म्हणतो. सर्जनला फोन लावला तेव्हा 3 वाजून 19 मिनिटं झाली होती.

असं ‘हो’ मिळालं की खाटेजवळच्या सोनोग्राफीसारखा सोबती नाही. पण तिच्या ‘नाही’वर मी झोपायला जाणार नाही. अर्धाच वेढा असेल तर शिरा दबतात, पण धमनीचं रक्त येतच राहतं आणि पडद्यावर रंग दिसतो. पीळ आपोआप सुटला तर रक्त नेहमीपेक्षाही जोरात धावतं, आणि चित्र हुबेहूब जंतुसंसर्गासारखं दिसतं. काही वर्षांपूर्वी एक मुलगा आमच्याकडे आला होता. दुसऱ्या एका ठिकाणी, कळ थांबलेली असताना, त्याची तपासणी झाली होती. “रक्तप्रवाह चांगला आहे, इन्फेक्शन आहे,” असं सांगून अँटिबायोटिक देऊन घरी पाठवलं. रात्री पुन्हा दुखलं, तर घरच्यांना वाटलं, औषध चालू आहेच. तिसऱ्या दिवशी तो आला तेव्हा वृषण काढण्यावाचून गत्यंतर नव्हतं. ते काळं पडलेलं वृषण मला अजून डोळ्यांसमोर दिसतं. चूक मशीनची नव्हती. एका क्षणाचं चित्र अख्ख्या रात्रीचं मानलं गेलं.

म्हणून आधी हात, मग प्रोब. वृषण कडक लागतंय का, सुजलंय का, वर ओढलं गेलंय का, मळमळ-उलटी आहे का, मांडीच्या आतल्या बाजूला बोट फिरवल्यावर ते वर उचललं जायचं थांबलंय का, याचे मिळून 7 गुण असतात. गुण वरच्या टोकाला असतील तर सोनोग्राफीसाठी थांबायचंच नाही, थेट ऑपरेशन थिएटर. “सोनोग्राफीवाले सकाळी दहाला येतील” हे वाक्य या आजारात मला सहन होत नाही.

त्या मुलाला वेदनाशामक देऊन सर्जन येईपर्यंत हातानं पीळ सोडवायचा प्रयत्न केला. वृषण आतून बाहेर, पुस्तकाचं पान उलटावं तसं वळवायचं. सुमारे तिघांतल्या एकाचा पीळ उलट्या दिशेचा असतो, म्हणून कळ वाढली तर थांबायचं. घरी कुणी करायची ही गोष्ट नव्हे. दीड वेढ्यानंतर मुलानं मोठा श्वास सोडला, आणि पडद्यावर एक लाल ठिपका लुकलुकला. तरीही साडेचारला तो थिएटरमध्ये होता, कारण थोडा पीळ आत राहिलेला असू शकतो. राहिला होताच, अर्धा वेढा. कोमट सलाईनच्या गॉजमध्ये गुंडाळल्यावर जांभळट वृषण दहा मिनिटांत गुलाबी झालं.

“दुसरी बाजूही का शिवली?” बाबांनी सकाळी विचारलं. वृषण मागच्या बाजूला आवरणाला धरलेलं असतं. काहींमध्ये ती पकडच नसते आणि ते घंटेतल्या लोळ्यासारखं मोकळं लोंबतं. हा दोष बहुधा दोन्ही बाजूंना असतो, म्हणून पुन्हा पीळ पडू नये यासाठी दोन्ही वृषणं टाक्यांनी जागेवर धरून ठेवतात, मी सांगितलं. बाबा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “धाकटा अकराचा आहे. त्यालाही असेल?” घराण्यात कधी कधी असतं, मी म्हटलं, पण आधीपासून सोनोग्राफी करून ते कळत नाही. त्यांनी तिथूनच घरी फोन लावला आणि आजोबांना म्हणाले, “अप्पा, त्याला उठवा जरा, मला बोलायचंय.”