ओजीच्या झाडाखालचा उजेड

वर्षाची शेवटची रात्र. शेतात एक निष्पर्ण झाड, त्याखाली खोकडांचा घोळका आणि त्यांच्या तोंडांपाशी लहान लहान ज्योती. मागच्या काळोखातून आणखी ज्योती येताहेत. उतागावा हिरोशिगेचं हे १८५७ सालचं लाकडी ठशांचं चित्र एदोच्या, म्हणजे आजच्या टोकियोच्या, प्रसिद्ध स्थळांच्या मालिकेतलं. (आपला कोल्हा जपानात नाही, हा आपल्या खोकडाचा भाऊबंद, तांबडा खोकड.)

झाडाचं नाव एनोकी. श्रद्धा अशी, की कांतो, म्हणजे एदोभोवतीच्या, भागातले सगळे खोकड या झाडाखाली जमतात, मानाचा पोशाख चढवतात आणि ओजी या ठिकाणच्या देवळात इनारीला हजेरी देतात. इनारी भाताची देवता, खोकड तिचे दूत. ज्योतींवरून शेतकरी पुढच्या पिकाचा अंदाज बांधत. शेतातले उंदीर खाणाऱ्या प्राण्याला हा मान मिळावा, यात मला नवल वाटत नाही.

मला भुरळ पडते ती अंधाराची. तो छापायचा कसा? हिरोशिगेने फक्त रेखाटन केलं. कोरणारा वेगळा, छापणारा वेगळा. चेरीच्या घट्ट लाकडात रंगागणिक ठसे कोरत. ठशाच्या कडेच्या 'केंतो' नावाच्या खाचांत कागद टेकवून रंगावर रंग जुळवत. कागद ओलसर हवा, पण ओल कमीजास्त झाली की तो आक्रसतो किंवा फुगतो आणि रंग रेषेबाहेर जातो. ओल सांभाळणं हीच अर्धी कारागिरी.

गडदाकडून फिक्याकडे विरत जाणारी छटा, 'बोकाशी', बहुतेकदा कोरलेली नसतेच. ठसा ओला करून ब्रशने एका बाजूला रंग ओढला, की तो पाण्यात पसरत फिका होतो. हे प्रत्येक प्रतीला नव्याने करायचं. म्हणून दोन प्रतींतलं आकाश कधी तंतोतंत सारखं नसतं.

मालिकेत ठिकठिकाणी दिसणारा गहिरा निळा मात्र परका. तो अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये योगायोगाने हाती लागला. जपानी लोक त्याला 'बेरो-आइ', म्हणजे बर्लिनचा निळा, म्हणत. त्यात लोखंडाचे अणू दोन अवस्थांत असतात. एकाकडून दुसऱ्याकडे इलेक्ट्रॉन जाताना तांबडा-नारिंगी प्रकाश शोषला जातो, निळा उरतो. पूर्वीचा फुलांपासूनचा निळा पाण्याने आणि उजेडाने उडून जाई, हा टिकला.

ते एनोकीचं झाड आता नाही. तिथे एक छोटं देऊळ आहे. ३१ डिसेंबरच्या रात्री खोकडाचे मुखवटे घातलेली माणसं हातात कंदील घेऊन तिथून ओजीच्या देवळाकडे चालत जातात.