अल्स्टर गमावलं, सॅम मॅग्वायर जिंकला: २०२४च्या आर्माचं नेमकं काय झालं

‘आर्मा अल्स्टरच्या फायनलमध्ये हरला होता ना? मग तो अख्ख्या आयर्लंडचा विजेता कसा?’ २०२४च्या जुलैपासून हा प्रश्न सारखा कानावर येतो. त्याहून त्रास होतो तो ठरलेल्या उत्तराचा: ‘अहो, अल्स्टर म्हणजे नुसती पात्रता फेरी. फायनल गाठली की पुढचं तिकीट मिळतं, जिंका नाहीतर हरा.’ डब्लिनला वर्षानुवर्षं राहणारी, क्रोक पार्क मैदानावर नेमाने जाणारी मराठी मंडळीसुद्धा हेच सांगतात. गेलिक फुटबॉल या आयरिश खेळातल्या या दोन स्पर्धांची, एक अल्स्टर प्रांताची आणि दुसरी अख्ख्या आयर्लंडची, गल्लत एकदाची मिटावी म्हणून हे लिहितो आहे. संघ असतात काउंट्यांचे, म्हणजे जिल्ह्यांचे; आर्मा ही अल्स्टरमधली अशीच एक काउंटी.

ऑल-आयर्लंड स्पर्धा तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. क्रोक पार्कवरची फायनल, विजेत्याचा सॅम मॅग्वायर चषक, हिरवळीवर धावत आलेली माणसं. गुणांची २०२४मधली पद्धतही माहीत असेलच: चेंडू जाळ्यात गेला तर गोल, म्हणजे ३ गुण, आडव्या दांडीवरून गेला तर १. २८ जुलै २०२४ला आर्माने गॉलवेला १-११ (आधी गोल, मग एकेरी गुण) विरुद्ध ०-१३ असं हरवलं, म्हणजे १४ विरुद्ध १३. आर्माच्या एरन मकायचा गोल निर्णायक ठरला. यात कुणी गोंधळत नाही, म्हणून पुढे जातो.

अल्स्टरबद्दल आधी एक छोटी दुरुस्ती. अल्स्टर म्हणजे उत्तर आयर्लंड नव्हे. प्रांतात नऊ काउंट्या आहेत. अँट्रिम, आर्मा, डेरी, डाऊन, फर्मॅना आणि टिरोन या सहा उत्तर आयर्लंडमध्ये, तर डॉनेगॉल, कॅव्हन आणि मोनहन या तीन प्रजासत्ताकात. फायनल भरते ती क्लोनिसला, आणि क्लोनिस आहे मोनहनमध्ये, सीमेच्या दक्षिणेला. ‘उत्तर आयर्लंडची स्पर्धा’ असं कुणी लिहिलेलं दिसलं की मी पुढे वाचत नाही.

आता मूळ मुद्दा. आपल्या डोक्यात बहुतेक जुनी रणजी बसलेली असते. मुंबई, महाराष्ट्र, बडोदा, गुजरात, सौराष्ट्र पश्चिम विभागात खेळायचे, वरचे संघ बाद फेरीत जायचे. विभागाला स्वतःचा चषक नव्हता, तो फक्त पुढे जायचा रस्ता होता. अल्स्टरला त्याच मापाने मोजलं की सगळं चुकतं. अल्स्टर ही स्वतंत्र स्पर्धा आहे. तिचा कारभार प्रांताची परिषद पाहते. चषकही तिचा स्वतःचा, अँग्लो-सेल्ट. प्रांतिक स्पर्धा १८८८पासून आहेत, आणि तेव्हापासून अल्स्टर जिंकणं ही अल्स्टरमधल्या काउंटीसाठी पूर्ण गोष्ट आहे, पुढे काहीही होवो. कॅव्हनने २०२०मध्ये १९९७नंतर पहिल्यांदा अल्स्टर जिंकलं. त्या काउंटीत कुणाला विचारा की ती पात्रता फेरी होती का!

मग गोंधळ का होतो? कारण २०००पर्यंत एकच सामना दोन कामं करायचा. प्रांत जिंकला तर चषकही मिळायचा आणि ऑल-आयर्लंडच्या उपांत्य फेरीत जागाही. हरलात की वर्ष संपलं. १९९१ ते १९९४ या चार वर्षांत सॅम मॅग्वायर ओळीने अल्स्टरलाच गेला, डाऊन, डॉनेगॉल, डेरी आणि पुन्हा डाऊन असा. या चौघांनीही आधी अल्स्टर जिंकलं होतं, दुसरा मार्गच नव्हता. २००१मध्ये हरलेल्यांसाठी वेगळ्या फेऱ्या आल्या आणि ही दोन कामं एकमेकांपासून सुटली. त्याच वर्षी गॉलवे कॉनॉट प्रांताच्या स्पर्धेत रॉसकॉमनकडून हरला आणि तरीही फायनलमध्ये मीथला हरवून देशाचा विजेता झाला. २००५मध्ये आर्माने टिरोनला हरवून अल्स्टर घेतलं, टिरोनने पुढे उपांत्य सामन्यात त्याच आर्माला बाहेर काढलं आणि सॅम मॅग्वायर घरी नेला. २०१०मध्ये तर चारही प्रांतांचे विजेते उपांत्यपूर्व फेरीतच हरले. तेव्हा आर्माचं २०२४ हे काही नवल नव्हतं. कोविडमुळे २०२० आणि २०२१ला जुनी बाद पद्धत तेवढी परत आली होती.

२०२४ची पद्धत अशी होती. ऑल-आयर्लंडच्या गटांत १६ संघ. चार प्रांतांचे आठ अंतिम स्पर्धक थेट आत. उरलेल्या बहुतेक जागा वसंतातल्या नॅशनल लीगच्या क्रमवारीवर. ज्यांना जागा मिळाली नाही ते टाल्चन चषकात, म्हणजे दुसऱ्या स्तराच्या स्पर्धेत. ‘फायनल गाठली की तिकीट’ हे विधान इथून आलं, आणि ते अर्धंच खरं आहे, कारण लीगमध्ये वर असलेल्या संघाला फायनल गाठायचीही गरज नव्हती.

डेरीचंच बघा. ३१ मार्चला त्यांनी डब्लिनला पेनल्टीवर हरवून लीग जिंकली. २०२२ आणि २०२३ची अल्स्टरही त्यांचीच. २० एप्रिलला घरच्या सेल्टिक पार्कवर डॉनेगॉलने त्यांना ४-११ विरुद्ध ०-१७ असं चिरडलं. डेरीचा गोलरक्षक ओरान लिंच हल्ल्यात सामील व्हायला खूप पुढे येतो, हे प्रशिक्षक जिम मगिनेसच्या डॉनेगॉलने हेरून ठेवलं होतं. चेंडू हातात आला की लांब मारायचा आणि रिकाम्या गोलकडे धावत सुटायचं. डारा ओ बीलने त्यात दोन गोल मारले. अल्स्टर डेरीच्या हातून पहिल्याच सामन्यात गेलं. आणि तरीही ते ऑल-आयर्लंडच्या गटात होते, जूनमध्ये मेयोला त्यांच्याच मैदानावर पेनल्टीवर हरवून उपांत्यपूर्व फेरीतही पोचले.

आता डाऊन बघा. अल्स्टरच्या उपांत्य सामन्यात आर्माने त्यांना ०-१३ विरुद्ध २-६ असं हरवलं. १३ विरुद्ध १२, फक्त एका गुणाने. डाऊन त्या वर्षी लीगच्या तिसऱ्या श्रेणीत होता, त्यामुळे क्रमवारी त्यांच्या मदतीला आली नाही. तो एक गुण उलटा पडला असता तर डाऊन फायनलमध्ये आणि आपोआप पहिल्या १६त. पडला नाही, म्हणून डाऊन टाल्चन चषकात गेला, जो त्यांनी लाओइसला हरवून जिंकला. सहा गुणांनी हरलेला डेरी वरच्या स्पर्धेत आणि एका गुणाने हरलेला डाऊन खालच्या. ज्याला हा फरक कळला त्याला अख्खी व्यवस्था कळली: बलवान काउंटीसाठी अल्स्टर हा फक्त चषक, कमकुवत काउंटीसाठी तो चषकही आणि दारही. ‘अल्स्टर पात्रता आहे की नाही’ याचं एकच उत्तर देणारा माणूस चुकणारच, कारण उत्तर काउंटीगणिक बदलतं.

आता आर्मा. १२ मे, क्लोनिस. जादा वेळेनंतर ०-२० विरुद्ध ०-२०, आणि पेनल्टीवर डॉनेगॉल ६-५. २०२३ची अल्स्टर फायनलही आर्मा डेरीकडून पेनल्टीवरच हरला होता. कीरन मगीनी २०१५च्या हंगामापासून प्रशिक्षक आहेत, २००२मध्ये आर्माने पहिल्यांदा सॅम मॅग्वायर जिंकला तेव्हाचे कर्णधारही तेच. २००८नंतर आर्माला अल्स्टर मिळालं नव्हतं, आणि त्या दिवशीही मिळालं नाही. ‘काही बिघडलं नाही, पुढे गेलेच की’ असं म्हणणाऱ्यांनी त्या खेळाडूंचे चेहरे एकदा पाहावेत. एक स्पर्धा तिथे संपली आणि ते ती हरले, इतकं ते स्पष्ट होतं.

दुसरी स्पर्धा दोन आठवड्यांतच सुरू झाली. तिच्यात आर्माने वेस्टमीथला हरवलं, डेरीला डेरीतच हरवलं, कॉनॉटचा विजेता असलेल्या गॉलवेशी बरोबरी केली आणि सरस गुणफरकावर त्यालाच मागे टाकून गटात पहिला आला. मग रॉसकॉमन, मग जादा वेळेत केरी, आणि शेवटी पुन्हा गॉलवे. ‘मागच्या दाराने आले’ असं जे म्हणतात त्यांना मी ठामपणे सांगतो: २०२४मध्ये मागचं दार नव्हतंच. सोळाही संघांची सुरुवात त्याच गटांपासून झाली होती.

मग प्रांताच्या विजेत्याला जास्तीचं काय मिळालं? गटांची सोडत काढताना पहिल्या भांड्यात नाव, उपविजेत्याचं दुसऱ्या भांड्यात. एवढंच. मला हे फार कमी वाटतं. विजेता आणि उपविजेता यांना जवळपास एकाच पातळीवर बसवल्यामुळेच लोकांना अल्स्टर फायनल बिनमहत्त्वाची वाटू लागते. तरीही ती बंद करून टाकावी म्हणणाऱ्यांच्या बाजूचा मी नाही. डॉनेगॉल ऑल-आयर्लंडच्या उपांत्य सामन्यात गॉलवेकडून दोन गुणांनी हरला आणि पुढे आर्मा जिंकला तेव्हा ‘ज्यांना हरवलं तेच राजे झाले, केवढा अन्याय’ असं बरंच बोललं गेलं. अन्याय कसला? मे महिन्यातला चषक डॉनेगॉलने जिंकला, तो त्यांच्याकडे राहिला. जुलैमधला आर्माने जिंकला.

२०२५च्या मेमध्ये हेच दोघे पुन्हा क्लोनिसला समोरासमोर आले, आर्मा आता देशाचा विजेता म्हणून. जादा वेळेनंतर २-२३ विरुद्ध ०-२८, एका गुणाने डॉनेगॉल. अँग्लो-सेल्ट पुन्हा त्यांच्याकडे गेला, आणि जुलैमध्ये ऑल-आयर्लंडच्या फायनलमध्ये केरीने त्यांना हरवलं.