नेत्यांची दिव्यांग मुले आणि राजकीय टवाळी : अमेरिकेतील पार्श्वभूमी

२१ ऑगस्ट २०२४ रोजी शिकागोतील डेमोक्रॅटिक पक्षाच्या अधिवेशनात मिनेसोटाचे गव्हर्नर टिम वॉल्झ उपाध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारत असताना त्यांचा १७ वर्षांचा मुलगा गस प्रेक्षकांत उभा राहिला आणि वाहत्या डोळ्यांनी व्यासपीठाकडे बोट दाखवत ‘ते माझे बाबा आहेत’ असे म्हणाला. गसला अध्ययनातील अडचणी, एडीएचडी (लक्ष एकाग्र न होण्याचा विकार) आणि चिंताविकार आहे, हे त्याच्या आईवडिलांनी त्याच महिन्यात जाहीर केले होते. तरीही उजव्या विचारांच्या स्तंभलेखिका अ‍ॅन कूल्टर यांनी त्याचा तो क्षण ‘विचित्र’ ठरवला. हा शब्द वॉल्झ यांनीच विरोधकांसाठी रूढ केला होता. तो वॉल्झ यांच्यावरच उलटवण्यासाठी मुलाचे रडणे वापरले गेले. टीकेची झोड उठल्यावर कूल्टर यांनी पोस्ट काढून टाकली.

यामागचा इतिहास मुलांना लपवण्यापासून सुरू होतो. जॉन केनेडी यांची बौद्धिकदृष्ट्या अक्षम बहीण रोझमेरी हिच्यावर १९४१ मध्ये मेंदूची शस्त्रक्रिया झाली, तिची उरलीसुरली क्षमताही गेली, आणि पुढे दोन दशके कुटुंबाने तिच्याविषयी मौन पाळले. १९६२ मध्ये तिची बहीण युनिस हिने एका साप्ताहिकात लेख लिहून ते मौन मोडले. अपंग मूल ही घराण्याची लाज मानली जात होती, तोवर त्याची जाहीर टवाळी होण्याचा प्रश्नच नव्हता. ते क्रौर्य घराच्या आतच चालत असे.

मुले उजेडात आल्यावर काय घडते, हे २००८ मध्ये दिसले. अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांचा मुलगा ट्रिग त्या एप्रिलमध्ये जन्मला; त्याला डाउन सिंड्रोम हा बौद्धिक वाढ मंदावणारा जन्मजात विकार असल्याचे त्यांना प्रसूतीपूर्वीच कळले होते. सप्टेंबरमध्ये सेंट पॉल येथील रिपब्लिकन अधिवेशनात पेलिन उपाध्यक्षपदाच्या उमेदवार झाल्या, तेव्हा त्यांच्या सात वर्षांच्या मुलीने, पायपरने आपला तळहात जिभेने ओला करून मांडीवरच्या ट्रिगचे केस चापूनचोपून बसवले आणि ते दृश्य देशभर पाहिले गेले. पण त्याआधीच ट्रिग हा पेलिन यांचा नव्हे, तर त्यांच्या थोरल्या मुलीचा मुलगा असल्याची निराधार कुजबुज इंटरनेटवर सुरू झाली होती, आणि ती पुढे कित्येक वर्षे थांबली नाही. एप्रिल २०११ मध्ये तर ‘वॉन्केट’ या संकेतस्थळाने ट्रिगच्या तिसऱ्या वाढदिवशीच त्याच्या मतिमंदत्वाची खिल्ली उडवली. तीन वर्षांच्या मुलाबद्दल असे लिहिताना कोणाचा हात अडखळला नाही, याचे आजही वाईट वाटते. पापा जॉन्स या पिझ्झा कंपनीसह अनेक जाहिरातदारांनी पाठ फिरवल्यानंतरच तो मजकूर हटवण्यात आला.

सगळीच प्रकरणे इतकी सरळ नव्हती. फेब्रुवारी २०१० मध्ये ‘फॅमिली गाय’ या विनोदी कार्टून मालिकेत डाउन सिंड्रोम असलेल्या एका पात्राने आपली आई अलास्काची माजी गव्हर्नर असल्याचे सांगितले, तेव्हा पेलिन संतापल्या; परंतु त्या पात्राला आवाज देणाऱ्या अँड्रिया फ्रीडमन यांना स्वतःलाच डाउन सिंड्रोम होता आणि त्यांना तो विनोद आक्षेपार्ह वाटला नाही. त्याच सुमारास डेमोक्रॅटिक राष्ट्राध्यक्ष ओबामा यांचे व्हाइट हाउसमधील प्रमुख अधिकारी राम इमॅन्युएल यांनी ‘रिटार्डेड’ (मतिमंद) हा शब्द शिवीसारखा वापरल्याचे उघड झाले. पेलिन यांनी त्यांच्या हकालपट्टीची मागणी केली. मात्र रेडिओवरील उजव्या विचारांचे सूत्रसंचालक रश लिम्बॉ यांनी तोच शब्द उच्चारला, तेव्हा पेलिन यांनी तो उपरोध असल्याचे सांगून सांभाळून घेतले. मुलाच्या बाजूने बोलतानाही पक्ष पाहिला जातो, हे तिथे स्पष्ट झाले.

ऑक्टोबर २०१० मध्ये ओबामांच्या स्वाक्षरीने ‘रोझाज लॉ’ हा कायदा अमलात आला आणि आरोग्य, शिक्षण व श्रमविषयक संघीय कायद्यांतून त्या शब्दाची रूपे हद्दपार झाली. राजकारणातून तो गेला नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी वॉल्झ यांना उद्देशून तो जाहीरपणे वापरला. त्यानंतर काही दिवसांतच वॉल्झ यांनी सांगितले की, लोक आपल्या घरासमोरून गाडी नेताना तोच शब्द ओरडून जातात.