ख्रिस्ती उपदेश आणि कल्पनाशक्ती (कोल्हापूर)

रविवारच्या उपासनेत पाळक शास्त्रभाग, म्हणजे बायबलातला उतारा, वाचतात आणि मग त्यावर बोलतात, त्याला उपदेश म्हणतात, संदेश किंवा प्रवचन पण म्हणतात. यात कल्पनाशक्ती म्हणजे मनानं काहीतरी रचून सांगणं असा गैरसमज बऱ्याच मंडळींत आहे. खरं तर दोन हजार वर्षांपूर्वीचा प्रसंग समोर बसलेल्या माणसाला डोळ्यांनी दिसायला लागणं, आणि त्यात आपण कुठं उभे आहोत हे त्याचं त्याला कळणं, एवढंच तिचं काम, आणि तेच अवघड आहे.

ही पद्धत नवी नाही, शास्त्रातच आहे. दावीद राजानं दुसऱ्याची बायको घेतली होती, नाथान संदेष्टा त्याच्याकडं गेला तेव्हा त्यानं आधी ते पाप काढलं नाही, एका गरिबाची एकुलती एक मेंढी एका श्रीमंतानं हिसकावली अशी गोष्ट सांगितली, राजा त्या गोष्टीतल्या श्रीमंतावर संतापला आणि मग नाथान म्हणाला की तो माणूस तूच. येशूचे दाखले, म्हणजे शिकवण देणाऱ्या छोट्या गोष्टी, पण असेच, पेरणारा, हरवलेलं मेंढरू, उधळ्या पुत्र, सगळं रोजच्या जगण्यातलं. अमेरिकेत उपदेश कसा करावा हे शिकवणारे फ्रेड क्रॅडॉक यांनी 1971 मध्ये मांडलं की उपदेशकानं निष्कर्ष आधी सांगून टाकू नये, ऐकणाऱ्याला बरोबर चालत तिथवर येऊ द्यावं. नाथानानं हेच केलं होतं.

मराठीत फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण 1616 साली छापलं गेलं, बायबलची कथा ओवीत, म्हणजे इथल्या माणसाच्या कानाला सवयीची होती त्या चालीत. पुढं ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी (1861–1919) अभंग आणि कीर्तन जवळ केलं, त्यांची गीतं आजही उपासनेत म्हटली जातात. कोल्हापुरात अमेरिकन मिशनरी रॉयल वायल्डर 1852 साली आले, वायल्डर मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. म्हणजे इथं मराठीतून उपदेश ऐकायची सवय दीडशे वर्षांच्यावर जुनी आहे.

आता पेरणाऱ्याचा दाखला घ्या. काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काटेरी झुडपांत. आमच्याकडं कुरीनं, म्हणजे पेरणीच्या अवजारानं, ओळीत पेरतात, भाताची धूळवाफ पेरणी तर पावसाच्या आधीच उरकतात, त्यामुळं शेतकरी माणसाला पहिला प्रश्न हाच पडतो की एवढं महागाचं बियाणं वाटेवर पडलंच कसं? तिथं बी मुठीनं फेकून पेरायचे हे सांगितलं की चित्र उभं राहतं, आणि मग लक्षात येतं की हा पेरणारा हात आखडता घेत नाही, वाटेवर पण टाकतो. एवढं एक वाक्य लोकांच्या मनात बसलं तरी तो रविवार कारणी लागला असं मला वाटतं.

खडकावरच्या घराचा दाखला, एकानं खडकावर पाया घातला, दुसऱ्यानं वाळूवर, पूर आला तेव्हा पहिल्याचं घर टिकलं आणि दुसऱ्याचं पडलं, हा तर इथं कुणाला समजावून सांगायला लागत नाही. 2019 च्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगा 55 फुटांच्या वर गेली होती, धोका पातळी 43 फूट, शिरोलीजवळ हायवे बंद पडला होता आणि दर तासाला किती फूट झालं हे सगळं गाव मोबाईलवर बघत होतं. पण इथंच उपदेशकानं सांभाळायला पाहिजे. आपला पूर फुटाफुटानं चढतो, सामान माळ्यावर टाकायला वेळ मिळतो, पॅलेस्टाईनमधल्या कोरड्या ओढ्यांना मात्र पाऊस झाला की अचानक लोंढा येतो, आणि लूकच्या शुभवर्तमानात तो लोंढा घरावर आदळतो, म्हणजे पाया खोदायची वेळ आधीच निघून गेलेली असते. हा फरक गाळला तर दाखल्याची धारच जाते. आणि ज्यांचं घर खरोखर पाण्यात गेलं ते समोर बाकावर बसलेले असतात, त्यांना तुमचा पाया वाळूचा होता असं ऐकू येता कामा नये, कारण तो दाखला येशूचं बोलणं ऐकून तसं न वागणाऱ्याबद्दल आहे, पूरग्रस्तांबद्दल नाही.

संडे स्कूलमध्ये हे काम जास्त मोकळेपणानं होतं. नाताळच्या नाटिकेत बाळ गव्हाणीत ठेवतात, हा शब्द मराठी बायबलातलाच, आणि ज्या पोरांच्या घरी म्हैस आहे त्यांना गव्हाण म्हणजे काय, तिथं वैरणीचा कसा वास येतो, रात्री जनावर कसं फुरफुरतं हे कुणी शिकवायला लागत नाही, ती बाळाखाली पिंजार जरा जास्तच घालतात.