अर्ध्या सीझनचा चॅम्पियन: मायनर लीग प्लेऑफची पार्श्वभूमी

अमेरिकन बेसबॉलच्या मायनर लीगमध्ये, म्हणजे मोठ्या लीगच्या (मेजर लीगच्या) खालच्या, खेळाडू तयार करणाऱ्या लीगांमध्ये, सप्टेंबर आला की टेबल बघून कोणीतरी विचारतंच, अहो ही टीम वर्षभराच्या हिशोबात तिसरी-चौथी, मग प्लेऑफमध्ये, म्हणजे चॅम्पियन ठरवणाऱ्या शेवटच्या सामन्यांत, कशी? उत्तर एका शब्दात आहे, 'हाफ', आणि सगळा घोळही त्याच शब्दात आहे.

जुनं पटकन उरकतो. 1930 च्या मंदीच्या काळात ऑगस्टमध्येच एखादी टीम टेबलात लांब पुढे निघून गेली की बाकीच्या गावांत तिकीट काढणार कोण? म्हणून मॉन्ट्रियलच्या टीमचा कारभार बघणाऱ्या फ्रँक शॉनेसी या गृहस्थांनी पहिल्या चार टीमची प्लेऑफ आणली, तीच शॉनेसी प्लेऑफ. 1933 ला इंटरनॅशनल लीग या मायनर लीगमध्ये पहिल्याच वर्षी काय व्हावं, तर नेवार्क 102 मॅच जिंकून घरी, आणि जिंकल्या त्यापेक्षा हरल्या जास्त असलेली चौथ्या नंबरची बफेलो चॅम्पियन. न्याय गेला खड्ड्यात, पण पद्धत टिकली.

आता हाफ, म्हणजे सीझनचे दोन अर्धे भाग. जूनच्या शेवटाकडे सगळ्यांचं खातं पुन्हा शून्य-शून्य, पहिला हाफ जिंकला तो आत, दुसरा जिंकला तो आत. एकाच टीमने दोन्ही जिंकले तर तिला काय, सरळ पुढे चाल? नाही. एकूण रेकॉर्डमध्ये त्यानंतरची जी टीम तिच्याशीच तीन मॅचची सिरीज खेळा, म्हणजे अख्खं वर्ष घाम गाळून दोन वाईट रात्रीत खेळ खलास. मला हे आजही पटत नाही.

मोठ्या लीगमध्ये हा प्रयोग दोनदा झाला आणि दोन्हीदा नाकं मुरडली गेली. 1892 ला बोस्टनने पहिला हाफ जिंकून दुसऱ्यात मुद्दाम ढिलाई केली असा लोकांना संशय, आणि 1981 च्या संपाच्या वर्षी सिनसिनाटी 66-42, सगळ्यात भारी रेकॉर्ड, पण दोन्ही हाफमध्ये दुसरी म्हणून प्लेऑफच्या बाहेर. त्यांनी मग स्वतःच बॅनर बनवून फडकवला, बेस्ट रेकॉर्ड आमचाच म्हणून.

पण मायनरमध्ये एक गोष्ट वेगळी आहे जी टीकाकार विसरतात. इथे टीम टिकतच नाही. मेमध्ये चांगला बॉल टाकणारा पिचर जुलैत वरच्या लेव्हलला गेलेला असतो, त्यामुळे वर्षभराचा रेकॉर्ड नेमका कोणाचा हेच धड सांगता येत नाही.

2020 चा सीझन कोविडमुळे अख्खा रद्द, मग मायनरच्या 160 टीमच्या 120 केल्या, लीगांची जुनी नावंसुद्धा वर्षभर गायब. 2021 ला ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मायनरच्या सगळ्यात वरच्या लेव्हलला, प्लेऑफच नव्हती, शेवटी नुसत्या 10 जादा मॅच जोडल्या. 2022 ला खालच्या लेव्हलला हाफ परत आला, आणि 2023 ला ट्रिपल-ए मध्येही, 150 मॅच, प्रत्येक हाफला 75.

त्या वर्षी इंटरनॅशनल लीगमध्ये नॉरफोकने पहिला हाफ जिंकला, दुसरा डरहॅमने. दोघांमधली सिरीज नॉरफोकने मारली आणि लास वेगासमध्ये झालेल्या ट्रिपल-एच्या फायनलमध्ये ओक्लाहोमा सिटीला 7-0 धुतलं. नॉरफोकच्या टीममध्ये 19 वर्षांचा एक पोरगा होता, एप्रिलमध्ये तो तीन लेव्हल खाली खेळत होता आणि वर आला थेट सप्टेंबरात. ज्या हाफच्या जोरावर नॉरफोक प्लेऑफला आली त्या हाफमध्ये तो त्यांचा नव्हताच.