पूर्णविरामानंतर स्पेसबार किती वेळा दाबावा?

अक्षरजुळणीसाठी स्वतः टाइप केलेला मजकूर देणाऱ्या लेखकांसाठी

उत्तर एका शब्दात: एकदाच. दोनदा दाबला गेला असेल तरी मजकूर खुशाल द्या, आम्ही तो साफ करून घेतो आणि त्याचे वेगळे पैसे लावत नाही.

टायपिंगच्या क्लासमध्ये इंग्रजी शिकलेल्यांचा अंगठा वाक्य संपले की आपोआप दोनदा पडतो. तिथे ते बरोबरच होते. टाइपरायटरवर ‘आय’ला जेवढी जागा, तेवढीच ‘डब्ल्यू’ला आणि तेवढीच टिंबालाही. ओळभर फटी दिसत असताना वाक्य कुठे संपले हे चटकन कळावे, म्हणून एक जागा जास्तीची. मात्र ही पद्धत टाइपरायटरनेच काढली असे कुणी सांगितले, तर ते अर्धेच खरे. एकोणिसाव्या शतकात खिळ्यांवर, म्हणजे धातूच्या सुट्या अक्षरांवर छापलेली इंग्रजी पुस्तके पाहा. दोन वाक्यांमधले अंतर दोन शब्दांमधल्या अंतराहून बरेच मोठे असते. ही अक्षरे जुळवणारे जुळारी ते हाताने भरत. विसाव्या शतकात छापखान्यांनी ते सोडून दिले, टायपिंगवाल्यांनी धरून ठेवले. आता तर २०२० पासून वर्डही इंग्रजीतल्या दोन स्पेसना चूक ठरवते.

पुस्तकाच्या पानाच्या दोन्ही कडा सरळ ठेवायच्या, तर सॉफ्टवेअर ओळीतल्या मोकळ्या जागा ताणते. दोन स्पेस असल्या की दोन्ही ताणल्या जातात आणि तिथे खिंडार पडते. लागोपाठच्या ओळींत अशी खिंडारे एकाखाली एक आली, की पानातून पांढरा ओहोळ वाहू लागतो. देवनागरीत तो जास्तच खुपतो, कारण शिरोरेषा तिथे तुटलेली दिसते. वेबसाइटवर हे कळत नाही. ब्राउझर सलग दहा स्पेसचीही एकच करून दाखवतो.

खरे तर दोन स्पेसपेक्षा आम्हाला जास्त छळते ती चिन्हाच्या *आधीची* स्पेस. ‘कुठे गेला होतास ?’ असे टाइप केले, की प्रश्नचिन्ह एकटेच खालच्या ओळीत जाऊन बसते. चिन्ह शब्दाला चिकटूनच हवे. ‘वि. वा. शिरवाडकर’ यातली आद्याक्षरेही अशीच ओळीच्या टोकाला सुटतात. तिथे वर्डमध्ये कंट्रोल आणि शिफ्ट धरून स्पेस दाबली, की नाव एकत्र राहते.

घरी साफ करायचे असल्यास वर्डमध्ये कंट्रोल-एच दाबा. वरच्या चौकटीत दोन स्पेस, खालच्या चौकटीत एक, मग ‘रिप्लेस ऑल’. बदलांची संख्या शून्य येईपर्यंत पुन्हा पुन्हा करा, कारण कुठे तीन-चार स्पेसही पडलेल्या असतात.

कवितासंग्रह असेल तर मात्र यातले काहीही करू नका. कवीने ओळ मुद्दाम आत घेतलेली असते आणि ‘रिप्लेस ऑल’ला ते कळत नाही. फाइल आहे तशी आणा, सोबत कागदावरची एक प्रतही द्या.